'लूट' या इंग्रजी क्रियापदाची कुळकथा



व्याख्यानमालेत बोलायचे तर विषय भारदस्त असावा, अशी एक समजूत आहे. आज आम्ही मात्र एकच लहानसे क्रियापद आपणांपुढे ठेवणार आहोत. ते इंग्रजी आहे, चार अक्षरांचे आहे आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. त्याचा अर्थ सांगायला कोश लागत नाही, असे वाटते. पण तो अर्थ पुरता समजायला आम्हांस निम्मे आयुष्य लागले, म्हणून त्याची हकीकत सांगण्याचे धाडस करतो.

आम्ही जुन्नरास इंग्रजी शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. वाचनपाठात 'लूट' हे क्रियापद आले. गुरुजींनी वर्गाला अर्थ विचारला. मागच्या बाकावरचा एका दुकानदाराचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "लूट म्हणजे लूट." सारा वर्ग हसला. मुलगा थट्टा करतो आहे असे वाटून गुरुजींनी त्यास तास संपेपर्यंत उभे केले, आणि मग फळ्यावर स्वच्छ अक्षरांत अर्थ लिहून दिला : 'लुटणे'. आम्ही तो वहीत उतरवून घेतला. त्या मुलाचे उत्तर आणि फळ्यावरचे उत्तर एकच आहे, हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचे कोश हाती आले, तेव्हा कळले की त्या दिवशी वर्गात खरी व्युत्पत्ती सांगणारा तो एकटाच होता.

इंग्रजी कोशकार एकमताने सांगतात की हा शब्द त्यांच्या भाषेत हिंदुस्थानातून गेला. त्यांनी नाव घेतले आहे ते हिंदीचे. तेव्हा तो मराठीनेच दिला, असा पोकळ अभिमान आपण धरू नये. मात्र हिंदीतला 'लूट' आणि मराठीतला 'लूट' हे एकाच घरचे. त्यांच्या मुळाविषयी विद्वानांची दोन मते आहेत. संस्कृतात 'लुण्ट्' असा धातू आहे, त्याचा अर्थ लुबाडणे; लुबाडणाऱ्यास 'लुण्टाक' म्हणत. काही जण आपला शब्द या धातूकडे नेतात. दुसरे म्हणतात, मूळ शब्द 'लोप्त्र', म्हणजे चोरीचा माल. आणि तो आला 'लुप्' या धातूपासून. हा धातू आपल्या चांगला ओळखीचा आहे. व्याकरणात एखादे अक्षर गळाले की आपण त्याचा 'लोप' झाला म्हणतो, दिसेनाशी झालेली वस्तू 'लुप्त' झाली म्हणतो, ती याच धातूच्या जोरावर. धन्याच्या दृष्टीने पाहिले तर चोरीचा माल म्हणजे लोप पावलेली वस्तूच नव्हे काय? हे दुसरे मत धरले तर आणखी एक गंमत निष्पन्न होते. भाषाशास्त्रज्ञ 'लुप्' धातूचे नाते इंग्रजीतील 'रॉब' या क्रियापदाशी जोडतात. म्हणजे 'रॉब' आणि 'लूट' ही हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेली भावंडे, आणि ती पुन्हा इंग्रजीच्या घरात भेटली, असे होईल.

आता तो इंग्रजीत शिरला कसा आणि केव्हा, ते पाहू. हिंदुस्थानी शब्दांचा एक लहानसा कोश लंडनमध्ये १७८८ साली स्टॉकडेल नावाच्या प्रकाशकाने छापला. त्यात हा शब्द अर्थासह दिलेला आहे. हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडच्या पार्लमेंटात वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील प्रसिद्ध खटल्याची सुनावणी सुरू झाली. बंगालचा हा माजी गव्हर्नर जनरल. हिंदी राजेराण्यांकडून जुलमाने पैसा उकळल्याचे आरोप त्याच्यावर होते. खटल्यातील हिंदुस्थानी शब्द लंडनच्या वाचकांना उमगत नव्हते, आणि तो कोश निघाला तो अशा वाचकांच्या सोयीसाठी. सात वर्षे चालून १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. खटला संपला; शब्द मात्र तेथेच राहिला.

तरी पुढील पन्नास वर्षे तो हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या गोऱ्यांच्या बोलण्यातलाच शब्द होता. घरी राहणाऱ्या इंग्रजाला तो ठाऊक नसे. त्याला देशोदेशी फिरवले ते शिपायांनी. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघा पंडितांनी अशा अँग्लो-इंडियन शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा मोठा कोश केला. तो १८८६ साली प्रसिद्ध झाला. (हे विचित्र नावही शिपायांच्या कानाचेच फळ आहे. मोहरमच्या मिरवणुकीत 'या हसन, या हुसेन' असा आक्रोश चाले. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचे 'हॉब्सन-जॉब्सन' केले.) या कोशकारांनी नोंदवले आहे की १८४१ च्या सुमाराचे चीनचे युद्ध, पुढे क्रिमियाचे युद्ध आणि नंतर १८५७ चे युद्ध, या तीन पायऱ्यांनी 'लूट' हा शब्द इंग्लंडात रुळला. नाम म्हणून तो आधी गेला. क्रियापद म्हणून त्याचा वापर १८४० नंतरच्या दशकात दिसू लागतो. आपण नामाला 'णे' लावून क्रियापद करतो. इंग्रजीला तेवढीही तसदी पडली नाही. तिने नामालाच क्रियापदाच्या जागी बसवले. गंमत अशी की १८६७ च्या एका इंग्रजी नौकाशब्दकोशात, स्मिथ नावाच्या दर्यासारंगाने, हा शब्द चीनहून घेतला आहे असे बेधडक लिहून ठेवले आहे! खलाशांनी तो चीनच्या किनाऱ्यावर ऐकला, म्हणून तो चिनी. आपल्या वर्गातली चूक ती हीच. शब्द ज्याच्या तोंडून प्रथम ऐकावा, त्याचाच तो, असे माणसास वाटते.

येथे एक प्रश्न सहज उभा राहतो. इंग्रजीत या कृत्याला आधी शब्द नव्हता काय? होते, आणि भरपूर होते. पण त्यांची कुळे पाहिली म्हणजे नवल वाटते. 'प्लंडर' हा शब्द जर्मनीतला. तेथे त्याचा मूळ अर्थ घरातले अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता, किडूकमिडूक असा. सतराव्या शतकात जर्मनीत तीस वर्षे युद्ध चालले, तेथे लढून आलेल्या शिपायांनी तो इंग्लंडात आणला. 'रॅन्सॅक' हा शब्द उत्तरेकडील चाच्यांच्या भाषेतला. त्याचा अर्थ घराची झडती घेणे. 'सॅक' म्हणजे शहर धुऊन नेणे. हा फ्रेंच-इटालियन मुलखातून आला, आणि त्याच्या मुळाशी चक्क पोते आहे. शहर पोत्यात भरायचे, अशी ती कल्पना. 'पिलेज' फ्रेंच. म्हणजे या धंद्याचे बहुतेक शब्द इंग्रजीने बाहेरून आणले, आणि आणणारे पुष्कळदा शिपाईच होते. माल आणि मालाचे नाव एकाच खोगिरावरून घरी आले.

एक नाव मात्र त्यांनी फार जपून वापरले. ते म्हणजे 'प्राइझ'. हे शाळेत मिळणारे बक्षीस नव्हे. बक्षिसाचा 'प्राइझ' मोल या अर्थाच्या शब्दापासून आला. लढाईतला 'प्राइझ' 'घेतलेले' या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून. दोन्ही दिसायला सारखे, म्हणून लढाईतल्या 'प्राइझ'लाही बक्षिसाचा वास येतो. कंपनीचे सैन्य शहर जिंकी, तेव्हा हाती लागलेल्या धनाची मोजदाद करण्यास खास 'प्राइझ एजंट' नेमले जात आणि हुद्द्याप्रमाणे वाटण्या होत. पेंढारी करी ती लूट. पलटण करी ते प्राइझ. कृत्य तेच, पण कर्ता बदलला की क्रियापद बदलले.

याचा अनुभव आपल्या जिल्ह्याने जवळून घेतला आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात आपल्या चावंड आणि जीवधन या गडांवर इंग्रजी निशाण लागले. पेशव्यांचा रायगडचा किल्लेदार नारो गोविंद औटी हा शरण येऊन पुण्यास आला असता त्याच्या घरातील सोन्याच्या मोहरा कॅप्टन रॉबर्टसनने एल्फिन्स्टनच्या हुकमतीखाली जप्त केल्या. हे धन पेशव्यांचे सरकारी आहे, असे इंग्रजांचे म्हणणे. ते खाजगी आहे, असे औटीच्या बाजूचे म्हणणे. औटीच्या मागे त्याच्या व्यवस्थापकांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात फिर्याद केली आणि कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. तेथे १८३० साली असे ठरले की ही युद्धातील शत्रूची जप्ती आहे, आणि तिचा न्याय करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही. 'लूट' हा शब्द त्या निकालाला नको होता. पण तिजोरी रिकामी झालेल्या घरात बायकामाणसे त्या दिवशी कोणता शब्द बोलली असतील, हे सांगायला कोश नको.

मग ज्या शब्दाने इंग्रज दुसऱ्याला हिणवीत होते, तो त्यांनी स्वतःला केव्हा लावला? १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी चीनच्या बादशहाचा पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि इंग्रजांनी तो नंतर जाळून टाकला. इंग्रजी फौजेत हिंदी पलटणीही होत्या. त्या वाड्यात एका इंग्रज कप्तानाला एक चिमुकली कुत्री सापडली. त्याने ती विलायतेस आणून व्हिक्टोरिया राणीला नजर केली. कुत्रीचे नाव काय ठेवले असेल? 'लूटी'! १८६१ साली तिचे तैलचित्रही काढले गेले. शब्द आता इतका माणसाळला होता की राजवाड्यातल्या कुत्रीचे नाव म्हणून तो शोभू लागला. ज्यांची कुत्री नेली, त्यांना हे नाव ऐकून काय वाटले असते, हा विचार तेथे कोणाच्या मनात आलेला दिसत नाही.

येथवर आपण इंग्रजाच्या घराची झडती घेतली. ती घेताना सर्वांनाच बरे वाटते. पण येथेच थांबलो तर क्रियापद अर्धेच शिकलो, असे होईल. आता थोडे आपल्या घरात पाहू.

३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजीराजांची माणसे शिड्या लावून जुन्नरच्या तटावरून आत उतरली. जुन्नर तेव्हा मोगलांकडे होते. ज्या शिवनेरीवर राजांचा जन्म झाला, त्याच शिवनेरीच्या पायथ्याचे हे शहर. तीन लक्ष होन, घोडे, उंची कापड आणि जडजवाहीर एवढा ऐवज त्या रात्री हाती लागला. जुन्या बखरकारांच्या भाषेत शहर 'लुटले' जात नाही. शहर 'मारले' जाते, घोडे 'पाडाव' होतात, ऐवज 'हस्तगत' होतो. आमच्याही भाषेत 'मुलूखगिरी' आहे, 'खंडणी' आहे, 'चौथ' आहे. आपल्या माणसाने केले की आपणही दुसरा शब्द शोधतो.

याचा अर्थ सारी कृत्ये एकाच मापाची होती, असे आम्ही म्हणत नाही. बलाढ्य बादशाहीशी झगडून नवे राज्य उभे करणाऱ्याचे छापे आणि व्यापारी कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आपापसांत केलेल्या वाटण्या यांत अंतर आहे. राजांच्या फौजेत लुटीचा हिशेब द्यावा लागे आणि ऐवज सरकारजमा होई. शिपायाने तो परस्पर कमरेला खोचावा, अशी मोकळीक नव्हती. बायकापोरांस धरू नये, असा सक्त हुकूम होता. हे सारे खरे. पण त्या रात्री जुन्नरच्या पेठेत ज्याचे दुकान होते, त्याच्या बाजूनेही एकदा ते वाक्य म्हणून पाहावे. तोही याच गावचा होता. वर्गात उभे राहिलेल्या त्या दुकानदाराच्या मुलाची आम्हांस आठवण होते ती अशा वेळी.

घोडेगावावरून भीमाशंकरास जाणाऱ्या मंडळींनी देवळासमोरची मोठी घंटा पाहिलीच असेल. ती पोर्तुगिजांच्या चर्चमधली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तेव्हा विजयाची खूण म्हणून आणलेल्या घंटांपैकी ती एक. 'आणलेली' घंटा, असेच आपण सारे म्हणतो. आम्हीही आत्ता तसेच म्हटले. क्रियापद केव्हा गुपचूप बदलले, हे आमचे आम्हांस कळले नाही.

आणि आपल्या लोकांचे कृत्य परक्याच्या भाषेत कोणत्या शब्दाने राहिले, हे पाहायचे असेल तर बंगालकडे पाहावे. १७४१ पासून दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून जात होत्या. सरकारी घोड्यावर बसणारा आमचा 'बारगीर' तिकडे 'बर्गी' झाला, आणि मुलास निजवण्याच्या बंगाली अंगाईगीतात जाऊन बसला. आमच्या इतिहासात तो पराक्रमी स्वार आहे. तिकडच्या आईच्या तोंडी तो मुलांना भिवविणारा बागुलबुवा आहे. इंग्रज आपल्याकडून 'लूट' घेऊन गेला. बंगाल्याने आपल्याकडून 'बर्गी' घेतला. दोन्ही शब्द खरे बोलतात.

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, हे क्रियापद मुळातच पापी दिसते. तसे मात्र नाही, आणि मराठीत ते पापी राहिलेले नाही, ही सांगण्याजोगी गोष्ट आहे. दसऱ्याला आपण सोने 'लुटतो'. आपट्याची पाने ओरबाडून आणतो, पण आणतो ती दुसऱ्याच्या हातावर ठेवण्यासाठी. संक्रांतीला आपल्या मायबहिणी वाण 'लुटतात'. यात घेणे कोठेच नाही. घरच्या वस्तू सवाष्णींना वाटून देणे, याला त्या लुटणे म्हणतात. कुंभाराच्या घरचे सुगडांचे ढीग वाटले, तर 'आवा लुटला' म्हणतात. बोरन्हाणात लहानग्याच्या डोक्यावर ओतलेली बोरे नि चुरमुरे इतर मुले लुटतात, आणि जितके अधिक लुटले जाईल तितके यजमानास सुख. आपण मौज लुटतो, आनंद लुटतो. त्याने कोणाची पेटी रिकामी होत नाही. तात्पर्य, मराठीत 'लुटणे' म्हणजे हिसकावून घेणेही आणि हात सैल सोडून देऊन टाकणेही. लुटणारा कोण आणि लुटवणारा कोण, हे वाक्यच ठरवते.

इंग्रजीत मात्र यातला एकच अर्धा भाग गेला. त्यात नवल नाही. शब्द नेणारे शिपाई लढाईच्या दिवशी शहरात शिरले होते. संक्रांतीच्या दुपारी माजघरात त्यांना कोणी बोलावले नव्हते. माणूस परक्या भाषेतून तेवढेच शब्द उचलतो, जेवढे त्याच्या कामाचे असतात. आणि शब्दाचा तेवढाच अर्थ उचलतो, जेवढा त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो. हा नियम आपल्यालाही लागू आहे. आज मंचर-नारायणगावच्या बाजारात उभे राहिले तर सणासुदीला दुकानांवर 'लूट' असा फलक दिसतो आणि गिऱ्हाईक हसत आत जाते. त्याच बाजारात भाव कोसळला म्हणजे कांदा-टोमॅटो घेऊन आलेला शेतकरी 'लुटलो' म्हणून रिकामी गाडी वळवतो. एका गल्लीत एकच क्रियापद दोन तोंडे दाखवते. फलक लावणारा आणि गाडी वळवणारा यांतील कोणास विचारून आपण अर्थ लिहून घेतो, यावर आपले शिकणे अवलंबून आहे.

हल्ली मुले खिशातल्या मोबाईलवर बोट ठेवून शब्दाचा अर्थ पाहतात. यात वाईट काही नाही; आमच्या वेळी कोश शाळेच्या कपाटात असे आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे असे, त्यापेक्षा हे शतपटीने बरे. पण प्रतिशब्द मिळाला म्हणजे क्रियापद कळले, असे त्यांनी मानू नये, एवढीच विनंती. मराठी तिसरीच्या वर्गात वाक्य सोडवायला शिकवतात ते इंग्रजीलाही पुरते. आधी क्रियापद शोधा. मग 'कोण?' असे विचारा, म्हणजे कर्ता सापडेल. मग 'काय?' आणि 'कोणाला?' असे विचारा, म्हणजे कर्म सापडेल. आम्ही त्यात एक चौथा प्रश्न घालू इच्छितो : कर्माच्या जागी जो उभा आहे, तो याच कृत्याला काय म्हणतो? 'प्राइझ' या शब्दाला हा प्रश्न विचारला की आतून 'लूट' बाहेर येते. 'विजयाची खूण' या शब्दांना विचारला, तरी काही ऐकू येते. ते ऐकण्याची तयारी हवी.

त्या मुलाला आम्ही पुढे कधी भेटलो नाही. भेटता तर त्या दिवशी हसल्याबद्दल क्षमा मागितली असती. गुरुजींनी त्याला बसवले नाही. पण त्याचे उत्तर बरोबर होते, एवढे तरी आज या गावच्या सभेत सांगून टाकावे, म्हणून आम्ही हा विषय घेतला.